पाणी ठीक आहे

दर शनिवारी सकाळी मी घरात कुणाच्याच कामाचा नसतो. बायकोला ते ठाऊक आहे, म्हणून भाजी, बँक, कुरकुरणारा पंखा असं सगळं ती रविवारवर ढकलते. शनिवारी मी हॉलमधल्या चार फुटी फिशटँकचं पाणी बदलतो. टँक माझा नाही. आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या काकांचा तो. त्यात सध्या सहा गोल्डफिश आहेत, पण ते त्यांचे नाहीत. त्यांचे मेले. ते कशानं मेले हे फक्त मला माहीत होतं आणि मी ते वेळेवर सांगितलं नाही.

पाणी बदलायची रीत मात्र शंभर टक्के काकांची. सगळं पाणी कधीच काढायचं नाही, फक्त चौथा हिस्सा. लोक हौसेनं टँक आणतात आणि पंधरा दिवसांत काच हिरवट दिसली की मासे बादलीत, टँक मोरीत, साबण, काथ्या, घासूनपुसून लख्ख. दुसऱ्या दिवशी मासे पोट वर करून तरंगतात. मग दुकानदाराच्या नावानं शिमगा. काका म्हणायचे, "जुना पानी म्हंजे त्यांचा गाव असतो. गाव एका दिवसात उठवाचा नाय."

पारदर्शक नळीचं एक टोक टँकच्या तळाशी खडीवर धरायचं, दुसरं खाली बादलीत सोडायचं. तोंडानं एकदा ओढलं की पाणी आपोआप उतरायला लागतं आणि खडीतली घाण घेऊन येतं. फिल्टरचा स्पंज नळाखाली नाही धुवायचा, याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा. नवं पाणी आदल्या दिवशीच ड्रममध्ये भरून गॅलरीत उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. भरण्याआधी एक कोपर ड्रममध्ये, एक टँकमध्ये बुडवून बघायचं. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. दोन्हीकडे सारखं लागलं तरच पुढे. आणि ओतायचं ते खडीवर बशी ठेवून, तिच्यावर, तांब्या तांब्यानं. या सगळ्याला काकांना दीड तास लागायचा. मला अजून दोन लागतात.

काका एडवणचे. समुद्राकाठी वाढलेला माणूस, बुधवारी-शुक्रवारी-रविवारी बोंबील नाहीतर मांदेली असल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, तो मासे पाळतो याची मला भारी गंमत वाटायची. जेवायला ते टँकसमोरच बसायचे. मी एकदा म्हटलं, "काका, यांच्यादेखत तरी खाऊ नका." तर म्हणाले, "त्यांना कुठं ठाऊक हाय? त्यांना वाटतो मी भात खातो." काकी गेल्या त्या वर्षी मुलानं हा टँक आणून दिला होता. आईविना घर अंगावर येऊ नये म्हणून. मुलगा वापीला नोकरीला, तिथंच संसार. दर फोनला एकच धोशा, बाबा, इकडे या. आणि काकांचं एकच उत्तर, "मासं कोन बगंल?"

उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण त्यात त्यांचं सगळं आयुष्य होतं. पंच्याहत्तरीचा माणूस स्वतःचा स्वयंपाक करायचा, स्वतःची वीज भरायचा, महिन्यातून एकदा एसटीनं एडवणला जाऊन घराचं कुलूप उघडून झाडून यायचा. वापीला गेलं की हे सगळं संपणार हे त्यांना कळत होतं. मुलगा वाईट नव्हता. काळजी करणारा होता, आणि काळजी करणाऱ्याला नाही म्हणायला सबळ कारण लागतं. मासे हे ते कारण होतं.

आता माझ्याबद्दल. मी मूळचा साताऱ्याकडचा. बोईसरला कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो त्याला सव्वीस वर्षं झाली. दिवसभर पाणी तपासतो. येणारं, जाणारं, बॉयलरचं, पिण्याचं. त्यामुळे सोसायटीनं मला सेक्रेटरी केलं आणि टाकीत ब्लीचिंग पावडर किती घालायची हे खातं माझ्याकडे आपसूक आलं. मलाही ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. मीटिंगमध्ये कुणी पाण्याबद्दल तोंड उघडलं की मी म्हणायचो, "पाण्यातलं मला शिकवू नका." काका मला सेक्रेटरीसाहेब म्हणायचे. त्यात अर्धी चेष्टा असायची आणि अर्धा खराखुरा विश्वास, आणि मी दोन्ही हिस्से मानाचेच समजायचो.

गणपती जाऊन आठवडा झाला असेल. आमच्या बिल्डिंगमधल्या दोन घरांत मुलांना जुलाब सुरू झाले. पाण्याचंच असणार असं मी धरून चाललो. रोजची पावडर वॉचमन मापानं घालायचा. मी ठरवलं, एकदा दणकून डोस द्यायचा. असं करताना एरवी मी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो आणि जिन्याखालच्या फळ्यावरही लिहायचो, कारण काकांचा फोन बटणांचा होता. पण आदल्या खेपेला तसं लिहिलं तर ग्रुपवर दिवसभर दंगा. कुणाचे केस गळाले, कुणाच्या साडीचा रंग गेला, एकानं तर विचारलं की सेक्रेटरींना केमिकलचं कमिशन मिळतं का. माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, या लोकांना सांगून करण्यात अर्थ नाही. गुरुवारी दुपारी सगळे झोपलेले असताना मी गच्चीवर गेलो आणि रोजच्या चौपट पावडर टाकीत कालवली. कुणाला सांगितलं नाही. फळा कोराच ठेवला.

तुम्ही म्हणाल, एवढी पावडर घातली तर वास नाही येणार? आला की. पण बोईसरला वासाचं कुणी मनावर घेत नाही. कारखान्यांकडून वारा आला की कधी कुजकं, कधी गोडसर, कधी नाकाला झोंबणारं असं काहीतरी रोजच येतं. आम्ही खिडकी लावतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो. खालच्या मजल्यावरच्या उत्तर प्रदेशी बाई शुक्रवारी सकाळी जिन्यात म्हणाल्या, "आज गैस बहुत छोड़ा है कंपनीवालों ने." मी हो म्हणालो. अगदी सहज म्हणालो. बायकोनं विचारलं, "अहो, वास पाण्याला येतोय का?" मी तिच्यावर खेकसलो. काकांचा प्रश्नच नव्हता. चाळीस वर्षं तपकीर ओढून त्यांचं नाक केव्हाच निवृत्त झालं होतं.

त्या शुक्रवारी सकाळी, नेहमीप्रमाणे, काकांनी ड्रम भरून गॅलरीत ठेवला. कामावर जाताना खालून मला तो दिसलाही.

मला हे सुचायला हवं होतं. त्यांचा शनिवार मला पाठ होता. मी कितीदा तिथं बसून चहा प्यायलोय आणि त्यांना बढाईनं सांगितलंय की काका, एवढं पाणी ठेवायची कटकट कशाला, माझ्या लॅबमध्ये हायपो असतं, साखरेसारखे खडे, चिमूटभर टाकलं की क्लोरीन त्याच मिनिटाला खलास. ते म्हणायचे, "औषदावर औषद कशाला? वारा फुकट हाय." रोजच्या डोसाला त्यांचा वारा पुरत होता. माझ्या चौपटीला एका दिवसाचा वारा पुरणार नव्हता. हे गणित शाळेतल्या पोरालाही जमलं असतं. मी ते केलंच नाही, कारण त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात मासे नव्हतेच. ग्रुपवरचे लोक होते.

शनिवारी दुपारी साडेबाराला दारावर थाप पडली. काका बनियनवर, हात ओले. "सेक्रेटरीसाहेब, जरा या. मासं कसं तरी करतात."

पाचही मासे वर आले होते. पाण्याबाहेर तोंड काढून भराभरा उघडमीट करत होते. डोक्यावर नारिंगी टोपी असलेला मोठा पांढरा मासा, काकांचा लाडका, मधूनच एकदम खाली सूर मारायचा, काचेवर आपटायचा, पुन्हा वर यायचा. कल्ले लालभडक झाले होते. मी एका क्षणात ओळखलं. तपासून नाही, नुसतं बघून. आणि त्याच क्षणी मला काय करायला हवं होतं हेही माहीत होतं. कारखाना स्कूटरनं दहा मिनिटांवर होता. हायपोची बाटली शेल्फवर डावीकडे दुसरी. जाऊन-येऊन पंचवीस मिनिटं. कदाचित दोन-तीन तरी वाचले असते.

पण हायपो आणलं असतं तर ते कशासाठी हे सांगावं लागलं असतं.

काका म्हणाले, "तुमी पान्यातले मानूस. जरा तपासून बगा ना, पानी खराब आला काय?" त्यांनी स्वतःच ड्रममधलं पाणी स्टीलच्या पेल्यात भरून माझ्या हातात दिलं. मी घरी आलो. क्लोरीन तपासायच्या थेंबांची बाटली माझ्याकडे घरीच असते. दोन थेंब टाकले. एरवी लिंबाच्या सरबतासारखं फिकट पिवळं होतं ते पाणी हळद कालवल्यासारखं झालं. मी ते बेसिनमध्ये ओतलं, वर नळ सोडला, पेला विसळला आणि परत गेलो.

"पाणी ठीक आहे," मी म्हणालो.

ही तीन शब्दांची गोष्ट आहे. बाकीचं सगळं एक वेळ चूक म्हणता येईल. न सांगता पावडर घालणं हा आगाऊपणा होता, शनिवार विसरणं हा निष्काळजीपणा. पण ते तीन शब्द मी शुद्धीवर असताना, रंग डोळ्यांनी बघून आल्यावर, त्यांच्या तोंडावर बोललो.

काका टँककडे बघत राहिले. मग ड्रमकडे बघितलं. मग म्हणाले, "मग काल भरला होता ना मी ड्रम? की आज सकाळीच नळाचा..." त्यांना आठवेना. म्हणजे आठवत होतं, पण मी पाणी ठीक आहे म्हटल्यावर त्या आठवणीला काही आधारच उरला नाही. ते माझ्याकडे अशा चेहऱ्यानं बघायला लागले की मी सांगेन ते खरं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "होतं काका असं, वय झालं की."

संध्याकाळपर्यंत पाचही गेले. मी त्यांच्याबरोबर बसून राहिलो. मदत म्हणून ड्रम मीच रिकामा केला, घाईघाईनं, मोरीत. त्यांनी माशांना जुन्या टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलं आणि आम्ही दोघांनी कंपाउंडच्या भिंतीशी अळूच्या वाफ्यात खड्डा केला. खाणाऱ्या माशांचे त्यांनी हजारो काटे काढले असतील. हे पाच पुरताना त्यांनी टॉवेलच्या कडा दोनदा आत दुमडल्या. वर येताना म्हणाले, "आता कोनाला सांगाचा, मी मारलं म्हून?" मला तिथंच जिन्यात रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला आठवतं ते इतकंच की रविवारी टाकीचं पाणी उतरलेलं असेल, डोस कमी होईल, कुणाच्या लक्षात येणार नाही, असा हिशोब मी मनात करत होतो.

पुढचं मी समोरच्या दारातून बघितलं. काका बाहेर जाताना कुलूप लावायचे, चार पायऱ्या उतरायचे, परत येऊन ओढून बघायचे. मग दोनदा. मग तीनदा. एका सकाळी माझ्याकडे आले, "जरा बगता का, मी ग्यास बंद केलाय काय?" गॅस बंद होता. गॅस रोजच बंद असायचा. त्या माणसानं आयुष्यात एकदाही गॅस चालू ठेवला नव्हता, पण आता ते रोज येऊन विचारायचे आणि मी रोज जाऊन बघायचो. बायको म्हणायची, किती करता हो तुम्ही काकांचं. एडवणला जाणंही त्यांनी थांबवलं. म्हणाले, एसटीत बसलो नि उतराचा विसरलो तर?

दिवाळीत मुलगा आला. चार दिवस राहिला आणि त्यानं सगळं बघितलं. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं? विसरतात का बाबा?" तेव्हा मी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याच आठवड्यात सोसायटीची वार्षिक सभा होती आणि जुलाब झालेल्या मुलांपैकी एकाचा बाप आधीच माझ्यामागे हात धुऊन लागला होता. मी म्हणालो, "थोडंफार. वयाप्रमाणे." मुलगा मान हलवून गेला. सभेत मी पुन्हा बिनविरोध निवडून आलो.

मार्गशीर्षात काका वापीला गेले. कुणी ओढून नेलं नाही, हे सर्वात वाईट. स्वतःच मुलाला फोन करून म्हणाले, "ये नि घेऊन जा. माझाच मला भरवसा नाय." टेम्पो भरला जात असताना त्यांनी हमालांकडून रिकामा टँक आमच्या दारात आणवून ठेवला. नळी, बशी, स्पंज सगळं आत. "तुमाला पानी कळतो. तुमी ठेवा." मी नको म्हणालो, पुन्हा नको म्हणालो, आणि ठेवून घेतला.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच पाण्याला वास आला होता." आणि थोड्या वेळानं, "जाऊन सांगा त्यांना." मी म्हटलं, सांगतो. वापी काही परदेशात नाही, बोईसरहून दीड तासाची गाडी. तो दीड तास पार करायला मला सात महिने लागले. मध्ये मी सेक्रेटरीपद सोडलं, तब्येतीचं कारण सांगून. दुकानातून सहा मासे आणले आणि शनिवारी पाणी बदलायला लागलो. त्यानं बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

जुलैच्या एका रविवारी गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा स्वच्छ, उजेडाचा फ्लॅट. सून अगत्याची. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, तपकीर सुटलेली. माझ्याकडे बघून ओळखीचं हसले, पण नाव घेण्याआधी एकदा सुनेकडे बघितलं, बरोबर आहे ना म्हणून. समोर छोट्या टेबलावर सकाळ-दुपार-संध्याकाळच्या गोळ्यांची खणांची डबी. सून स्वयंपाकघरात गेली तसं मी खुर्ची पुढे ओढली आणि एका दमात सगळं सांगितलं. चौपट पावडर, कोरा फळा, ड्रम, हळदीचा रंग, बेसिन. "तुम्ही ड्रम आदल्या दिवशीच भरला होता काका. मी स्वतः बघितला होता गॅलरीत. तुम्ही काही विसरला नव्हतात. मासे मी मारले, आणि तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांनी शांतपणे ऐकलं. माझं संपल्यावर पुढे वाकून माझ्या मनगटावर हात ठेवला. हात हलका झाला होता.

"सेक्रेटरीसाहेब," ते म्हणाले, "एवड्या लांब आलात माझा मन राखाला. लई चांगला केलात. पन तुमी तपासला होता ना पानी? तुमीच बोललात ठीक हाय. तुमची तपासनी कदी चुकली हाय का?"

मी म्हटलं, चुकली नव्हती काका, मी खोटं बोललो. त्यांनी मान डोलावली. हट्टी पोराची समजूत काढताना डोलावतात तशी. मी पुन्हा सांगितलं. तेही त्यांनी तितक्याच मायेनं ऐकलं आणि म्हणाले, चहा निवतो.

मुलगा मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आला. जिन्यात मी त्यालाही सगळं सांगितलं, काही न वगळता. तो थांबला, ऐकून घेतलं, त्याचे डोळे भरून आले. "बाबांना बरं वाटावं म्हणून तुम्ही एवढं स्वतःवर घेतलंत काका," तो म्हणाला, "सख्खा भाऊसुद्धा करणार नाही." आणि तिथं, जिन्यातल्या त्या अंधूक उजेडात, मी आणखी काही बोलायच्या आत तो खाली वाकून माझ्या पाया पडला.